सदतिसावी फेरी

४ जून

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न उघडताच टाकून देणार असशील तर खुशाल टाक. अकरा वर्षं तू बोलली नाहीस, मीही बोलले नाही, आणि चूक कुणाची हे उकरत बसायला मी कागद घेतलेला नाही. चूक तुझी होती. असो.

फोन करणार होते. पण फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि बोलणारीला वाटतं आपणच खुळ्या. कागद बरा.

कामाचं लिहिते. माझ्या नातीला तुझ्यासारखं झालं आहे.

नात म्हणजे मुलाची मुलगी, तू पाहिलेली नाहीस. जन्मली तेव्हा इतकीशी होती की सगळे टिपूस म्हणू लागले, तेच चिकटलं. आता नऊ वर्षांची आहे. गणितात हुशार, जीभ माझ्यावर गेली आहे. मार्चपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एक दिवस शाळेची व्हॅन खाली उभी असताना ती दारातून मागे फिरली आणि गॅसचं बटण बघून आली. दुसऱ्या दिवशी दोनदा. मग नळ, मग इस्त्री, मग खिडकीची कडी. मग मला विचारणं सुरू झालं. आजी, गॅस बंद आहे ना? बंद आहे. नक्की? नक्की. तू डोळ्यांनी बघितलंस की नुसतं म्हणतेस? तिच्या डोक्यात असं बसलं आहे की घर पेटणार, आत मी असणार, आणि ते तिच्यामुळे झालेलं असणार. व्हॅन आतापर्यंत चौदा वेळा तिला न घेता गेली.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला वाटतं कुठेतरी एक बोल्ट सैल असेल, तो सापडला की झालं. सून चष्म्याचे नंबर काढते. दिवसभर लोकांना विचारते, हे स्पष्ट दिसतं की ते, आणि घरी आली की पोर तिला विचारत सुटते. ती आधी जवळ घेते, मग ओरडते, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडते. की टिपूस दाराबाहेर उभी, नळ नीट बंद होतो का ते बघायला.

डॉक्टरांना दाखवलं. ओसीडी म्हणाले. आपली आत्या ज्याला मंत्रचळ म्हणायची तेच. फक्त आता त्याची फाइल असते.

तुला एकच विचारायचं आहे. बोर्डिंगमध्ये तू रोज माझ्या खाटेपाशी येऊन विचारायचीस, ताई, मी आज कुणाला वाईट बोलले नाही ना? दहादा विचारायचीस. तेव्हा तुला काय केलं असतं म्हणजे बरं वाटलं असतं? तेवढं कळव. खुशाली नको.

थोरली

२९ जून

धाकटे,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. मी मार्ग काढला आहे.

माझं काम काय होतं हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. ऑपरेशन थिएटरमध्ये पोट उघडण्याआधी आणि ते शिवण्याआधी दोन नर्सनी सगळं मोठ्याने मोजायचं असतं. गॉजचे तुकडे, सुया, चिमटे. एकीने बोट ठेवून म्हणायचं, दुसरीने ऐकून म्हणायचं, फळ्यावर लिहायचं, आणि मग मुख्य सिस्टरने सर्जनला सांगायचं, गणती बरोबर. त्याशिवाय टाका पडत नाही, मग सर्जन कितीही मोठा का असेना. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालून कुणाच्या पोटात धागासुद्धा राहिला नाही. निवृत्त झाले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ दिलं, वर कोरून: काटेकोरपणासाठी.

तर मी टिपूसला पांढरा फळा आणून दिला. स्वयंपाकघराच्या दारावर लावला आहे. बारा ओळी. गॅसची बटणं दोन, सिलिंडर एक, नळ चार, असं. निघायच्या आधी ती बोट ठेवून म्हणते, मी म्हणते, ती खूण करते, मी सही करून वेळ घालते, आणि म्हणते, गणती बरोबर. की पोरगी निघाली. मागे वळूनसुद्धा बघत नाही. सलग नऊ दिवस व्हॅन चुकलेली नाही. सून परवा माझ्या गळ्यातच पडली. अशी ती सहसा पडत नाही.

डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं होतं, तिकडेही आठवड्याला नेतात. बाई कसली, कालची पोर. जमिनीवर मांडी घालून मुलांशी ठोकळे खेळते आणि त्याला उपचार म्हणते. तिला फळ्याचं काही बोलू नका असं मी घरात बजावलं आहे. जे लागू पडतंय ते पडू दे.

बोर्डिंगच्या मदरने तुझ्यावर काय उपाय केला होता, आठवतं ना? जिना उतरून पुन्हा चढायची खोड आहे ना, मग घे, पन्नास फेऱ्या, सगळ्या वसतिगृहासमोर. मुलींनी मोजायचं. मुलींनी मोजलं. माझ्याकडे शिक्षा नाही, पद्धत आहे. तुला कुणी अशी पद्धत लावून दिली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला आजकाल वाटतं.

थोरली

२४ जुलै

धाकटे,

फळ्यावर आता एकतीस ओळी आहेत.

मीच वाढवल्या. तिने म्हणायचं, आजी, इस्त्रीचं बटण बंद आहे पण वायर तापलेली असली तर? आणि मी म्हणायचं, बरोबर आहे, लिहू. चांगल्या विद्यार्थिनीचं कौतुक करावं तसं करत होते मी. मग मोजताना कुणी खोकलं की पहिल्यापासून. माझी सही वाकडी आली की पहिल्यापासून. मग पेन निळंच हवं. मुलगा एका सकाळी घाईत मधूनच निघून गेला तर ती त्याच्या मागे जिन्यात धावली, बाबा परत या, गणती मोडली. तो परत आला. त्याची लिफ्ट दुसऱ्या इमारतीत माणसं घेऊन अडकली होती, तरी आला.

मग शाळेच्या कचेरीतून फोन यायला लागले. मधल्या सुट्टीत, मग प्रत्येक तासाला. आजी, आत्ता बघून सांग. मी उठायचे, बघायचे, सांगायचे. गेल्या मंगळवारी माझे गुडघे धरले होते. मी बसल्याजागी सांगितलं, बघितलं, बंद आहे.

ती म्हणाली, "तुझी खुर्ची वाजली नाही."

मी म्हटलं, वाजली, तुला ऐकू आली नसेल. तिने फोन ठेवला.

अर्ध्या तासाने दार वाजलं. एका पायात बूट नव्हता. दोन मोठे रस्ते आहेत मधे, धाकटे, ज्यांवरून मी स्वतः हात वर करून जाते. शाळेच्या रखवालदाराला चुकवून ती धावत आली होती. माझ्याकडे बघितलंही नाही. मला ओलांडून स्वयंपाकघरात गेली आणि बटणाला हात लावून उभी राहिली. बटण बंदच होतं. तरी उभी होती.

मग बाईंकडे मला जावंच लागलं. फळ्याचं सगळं निघालं. त्या पोरीने मला शांतपणे सांगितलं की प्रत्येक उत्तर हे त्या भीतीचं खाणं आहे. उत्तर मिळालं की घटकाभर गप्प होते आणि मग दुप्पट भुकेने येते. मी म्हटलं, मी चौतीस वर्षं माणसं वाचवली आहेत, मला भूक कशाला म्हणतात ते शिकवू नका. सून खाली बघत होती. मुलगा छताकडे.

तर बाईंनी टिपूसला आत बोलावलं आणि तिने काढलेलं एक चित्र आम्हाला दाखवलं. मुलांना त्या म्हणे सांगतात, डोक्यात जे बोलतं ते काढ. कुणी राक्षस काढतं, कुणी कुत्रा. टिपूसने एक उंच बाई काढली होती. केसांवर टोपी, तोंडाला मास्क, हातात फळा. खाली लिहिलं होतं: पुन्हा मोज. बाई म्हणाल्या, हिचं नाव काय ठेवूया? टिपूसने माझ्याकडे बघितलं, मग चित्राकडे.

"नाव नाही," ती म्हणाली. "पण आवाज आजीचा आहे."

तुझं हे बोर्डिंगमध्ये येण्याआधीपासून होतं ना? आई म्हणायची तू लहानपणीही चपला पुन्हा पुन्हा सरळ लावायचीस. ते माझ्यामुळे नव्हतं. नव्हतं ना? कळव.

थोरली

८ ऑगस्ट

धाकटे,

मागचं पत्र लिहिलं त्याच संध्याकाळी मी फळा पुसला. सगळा. स्पिरिट लावून. कापायचं तर एका झटक्यात कापावं, हेच मला माहीत.

टिपूस ओरडली नाही. तिने फळ्याच्या खालच्या कडेला हनुवटी टेकवली आणि पुसलेल्या ओळी पांढऱ्यावरून वाचायला लागली. एकतीसच्या एकतीस पाठ होत्या. संपल्या की पहिल्यापासून. दोन दिवस धड जेवली नाही. सुनेने मला सांगितलं, आई, तुम्ही आता काही करू नका, हात जोडते. लग्नाला बारा वर्षं झाली, अशी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

बाईंनी फळा परत लिहायला लावला. मला झापलं, पण असं की झापल्यासारखं वाटू नये. मी नवीन नर्सना असंच झापायचे. म्हणाल्या, ओळी पुसायच्या, पण एकेक, सोपी आधी, आणि पुसणार ती. कुठली ते तीच ठरवणार. तिने पुसलेल्या ओळीबद्दल तिने विचारलं तर सगळ्यांनी एकच म्हणायचं: माहीत नाही, बघू. आणि जवळ बसायचं. समजावायचं नाही, पाठीवरून हात फिरवून काही होणार नाही असं म्हणायचं नाही. बसायचं. मी विचारलं, आणि तिने रडून आकांत केला तर? तरी बसायचं. किती वेळ? बाई म्हणाल्या, तो तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त वाटेल.

पहिली ओळ तिने निवडली खिडकीच्या कडीची. बोटाने पुसली, निळं बोट फ्रॉकला पुसलं, आणि लगेच विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, बघू. मला खिडकी समोर दिसत होती. कडी लागलेली होती. पुन्हा विचारलं. माहीत नाही, बघू. ती म्हणाली, तुला दिसतंय, तू खोटं बोलतेस. म्हणाली, तुला मी आवडत नाही. म्हणाली, प्लीज आजी, एकदाच, मग कधीच नाही विचारणार. तू हेच म्हणायचीस, शब्दन् शब्द. पस्तीस मिनिटांनी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून नुसती पडून राहिली. मला वाटलं, झालं. तर पडल्या पडल्या म्हणाली, कडी लागली आहे ना?

मी लोकांच्या नाडीवर बोट ठेवलेली बाई. ऑपरेशन टेबलावर माणूस हातचा जाताना बघितला आहे. पण तिथे हाताला काहीतरी काम असायचं. इथे नुसतं बसायचं आहे, ओठ शिवून, आणि याला मदत म्हणायचं आहे.

मागच्या पत्रात विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं नाहीस. एक ओळ लिही. माझ्यामुळे नव्हतं एवढीच.

थोरली

२९ ऑगस्ट

धाकटे,

चार पत्रं मी तुला अर्धवट लिहिली. आता पूर्ण लिहिते, मग तू काय ते ठरव.

आधी कुलपाचं. आई गेली तेव्हा तुला निरोप वेळेवर दिला होता आणि तू तिला नेल्यावर दोन तासांनी पोचलीस. सगळ्यांसमोर मी विचारलं, एवढा कसला उशीर. तू म्हणालीस, कुलूप बघायला तीनदा परत गेले. आणि मी म्हटलं, कुलूप आईपेक्षा मोठं होतं का? लोक हसले नाहीत, पण मान हलवली. तू आल्या पावली परत गेलीस. मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी तिला तोंडावर बोलायला हवंच होतं.

आता घड्याळाचं. काटेकोरपणासाठी. ड्यूटी संपल्यावर मी बस स्टॉपवरून परत जायचे, फळा बघायला. कधी कचऱ्याची बादली उपसून गॉज पुन्हा मोजायला. सहाची बस सोडून आठची घ्यायचे. शेजारीण म्हणायची, तुमचा मुलगा उपाशी बसलाय दाराशी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू कुलपासाठी तीनदा गेलीस तर वेडी, मी बादलीसाठी गेले तर मुख्य सिस्टर. टिपूसला हे तिच्या आजीच्या रक्तातून आलं की फळ्यातून, असं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ते शोधून आत्ता तिचा काही फायदा नाही. तुमचा होणार असेल तर बघा.

आणि जिना. मुलींनी मोजलं असं मी लिहिलं. मोजायचं काम मदरने मॉनिटरला दिलं होतं. मॉनिटर मी होते. मुली माझ्यामागून म्हणत होत्या. तुझी खोड मदरच्या कानावर घातली तीही मीच, कारण तू रोज विचारायचीस आणि मला मैत्रिणींसमोर लाज वाटायची. छत्तिसाव्या फेरीला तुझे पाय लटपटत होते. मला दया आली. देवाशप्पथ सांगते, दयाच आली. छत्तीसनंतर मी अडतीस म्हटलं. एक फेरी माफ. मदरच्या लक्षात आलं नाही, मुलींच्याही नाही.

तू वरच्या पायरीवर थांबून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आभार मानते आहे.

त्यानंतर शाळा सुटेपर्यंत तू रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी तो जिना एकदा जास्तीचा चढायचीस. का ते मला तेव्हा कळलं नाही. टिपूसची गणती मोडली की तिचा चेहरा कसा होतो ते बघितल्यावर कळलं. मी तुला एक फेरी माफ केली आणि तू ती भरत राहिलीस. अजूनही भरतेस का?

ते माझ्यामुळे झालं का? नाही, आधीपासून होतंच ना तुझ्यात? आई म्हणायची ते चपलांचं, तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, म्हणजे मी काहीच केलेलं नव्हतं. हो ना? तूच सांगू शकतेस. दुसरं कुणी उरलेलं नाही.

थोरली

२० सप्टेंबर

धाकटे,

मागचं पत्र पोस्टात टाकून मी घरी आले, आणि सगळं नीट लिहिलं का या शंकेने कच्चा कागद काढून वाचला. दुपारी पुन्हा वाचला. मग पत्ता बरोबर घातला का ते आठवत बसले. सून चहा ठेवत होती. मी तिला विचारलं, अगं, धाकटी उत्तर देईल ना? ती म्हणाली, देतील. मी म्हटलं, नक्की? आणि टिपूसने पुस्तकातून मान वर केली.

"माहीत नाही, आजी," ती म्हणाली. "बघू."

आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसली. तिला शिकवलेलं आहे तसं.

तर तुला जे मी तीन पत्रांत विचारलं ते आता विचारत नाही. उत्तर लिहू नकोस असंही म्हणत नाही. ते तुझं तू बघ. पण माझ्यामुळे नव्हतं असं मात्र लिहू नकोस. घटकाभर बरं वाटेल मला, आणि मग मी दुसरं पत्र लिहीन.

फळ्यावर अठरा ओळी आहेत. गेल्या आठवड्यात सतरा होत्या. बाई म्हणतात असं होतं, खाली-वर होतं, काहींचं वर्ष जातं, काहींचं पुरतं जातच नाही पण ती माणसं जगायला शिकतात. मी म्हटलं, माझं वय बहात्तर आहे. त्या म्हणाल्या, मग लवकर शिका. आता मला ती थोडी आवडायला लागली आहे.

आज सकाळी टिपूसने गॅसची ओळ पुसली. बाईंनी सांगितलं नव्हतं, ती शेवटी पुसायची ठरली होती. अचानक पुसली, दप्तर घेतलं आणि जिन्यात गेली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मी दारात उभी राहिले. ती पहिल्या वळणापर्यंत गेली आणि परत आली. उंबऱ्यावर उभी राहून विचारलं. मी सांगायचं ते सांगितलं. ती पुन्हा खाली गेली, पुन्हा वर. खाली व्हॅनने हॉर्न दिला, थोडा वेळ थांबली आणि गेली. मुलगा कामाला निघायचा थांबून मागे उभा होता. तो म्हणाला, आई, सांगून टाक ना, बंद आहे म्हणून, एवढंसं तोंड झालंय तिचं. मी त्याचा हात धरला. मला वाटतं त्याच्यापेक्षा मलाच तो धरायला हवा होता.

ती खाली जायची, वर यायची. कठड्यावर तिचा हात घासत जायचा तो आवाज तसाच होता, बोर्डिंगच्या जिन्यासारखा. माझ्या तोंडात आकडे आले. आपोआप येतात, ते कामच होतं माझं. मी पदराचा बोळा करून तोंडात धरला.

शाळेत ती गेली नाही. अकरा वाजता दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून तिने डबा खाल्ला. मी जाऊन शेजारी बसले. वर आली तेव्हा सरळ स्वयंपाकघरात गेली की नाही हे विचारशील तर, गेली. बराच वेळ होती आत.

पण जिन्यात तिच्या किती फेऱ्या झाल्या ते मला सांगता येणार नाही. मी मोजल्या नाहीत.

ताई